टीडसच्या हसण्यावर मत लिहिण्याआधी

मी कोल्हापुरातल्या हौशी नाटकांत कामं करतो. तालीम संपली की आमच्यातली कॉलेजची पोरं हल्ली गेमच्या नायकांवर तावातावानं बोलतात, काहीजण लिहितातही. समीक्षक काय म्हणाले, चाहते काय म्हणतात, ते वाचून स्वतःचं मत कसं तयार करायचं, हे त्यांना सांगत आलोय. तेच इथं लिहून ठेवतो. उदाहरण एकच पुरे आहे: ‘फायनल फँटसी टेन’चा टीडस. प्लेस्टेशन टूवरचा हा रोल-प्लेइंग गेम जपानमध्ये जुलै २००१ला आला आणि अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरला. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला, पण नायकाला रडका आणि पोरकट म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. गोष्टीतलं थोडं पुढं उघड होईल. गेम खेळायचा बाकी असेल, तर आधी खेळून या.

कुणाचं मत वाचलं की पहिल्यांदा ते फोडा. ‘टीडस डोक्यात जातो’ असं कुणी म्हणालं, तर नेमकं काय डोक्यात जातं? काझुशिगे नोजिमांच्या कथेतला मुलगा, तेत्सुया नोमुरांनी काढलेलं त्याचं रूप, की इंग्रजीत जेम्स अर्नोल्ड टेलर यांनी दिलेला आवाज? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. कपड्यांवर तर पुष्कळांनी लिहिलंय, कारण त्याच्या विजारीचा एक पाय आखूड आणि एक लांब आहे. ते एका ओळीत उरका.

आवाजापाशी मात्र थांबा. या मालिकेतल्या मुख्य गेमांत पात्रं पहिल्यांदा तोंडानं बोलली ती इथं. मालिकेतले आधीचे नायक, १९९७चा क्लाउड आणि १९९९चा स्क्वॉल, पडद्यावरच्या अक्षरांतून बोलायचे. त्यांचा सूर खेळणारा मनातच लावायचा. तो सूर अचानक दुसऱ्या कुणीतरी ठरवला, तेव्हा जुन्या खेळाडूंना खटकणारच. त्यात चेहऱ्यांच्या हालचाली जपानी संवादांवर बेतलेल्या, म्हणजे इंग्रजी वाक्यं त्याच मापात बसवायची. आणि नायकाचं नाव खेळणाऱ्याला बदलता येतं, म्हणून गेमभर कुणीही त्याला नावानं हाक मारत नाही. संवाद अवघडल्यासारखे वाटले, तर या अडचणी आधी तपासा आणि मग नटाला बोला. जमलं तर तोच प्रसंग मासाकाझु मोरिता यांच्या जपानी आवाजात ऐका.

आता त्या हसण्याकडं येतो. टीडसची सगळ्यात जास्त टिंगल याच प्रसंगावरून झाली. लोकांनी त्याचा तुकडा कापला, फिरवला, आणि ‘हा बघा वाईट अभिनय’ म्हणून दाखवला. तुम्ही तो तुकडा बघू नका. ल्युका शहरातल्या ब्लिट्झबॉलच्या, म्हणजे गेममधल्या पाण्याखालच्या चेंडूच्या खेळाच्या, स्पर्धेपासून सलग खेळत या. सामना संपल्यावर ऑरॉन, त्याच्या बापाचा जुना सोबती, त्याला सांगतो, की गावंच्या गावं उद्ध्वस्त करणारा सिन हा राक्षस म्हणजे तुझाच बाप, जेक्ट. पोरगं कोसळतं. मग सिनला हरवायला निघालेली युना त्याला दुःखातही हसायचा सराव करायला सांगते. तो मोठ्यानं, ओढूनताणून, अगदी कानाला टोचेल असं हसतो. तीही तसंच हसते. मग त्या दोघांना खरंच हसू फुटतं, आणि सोबतचे लोक काळजीनं बघत राहतात.

नट म्हणून सांगतो, हे अवघड काम आहे. खोटं हसणं खोटंच वाटलं पाहिजे आणि लगेच आलेलं खरं हसू खरं वाटलं पाहिजे. दोन्हींतला फरक शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळला पाहिजे. टेलर यांनी तो फरक दाखवलाय. फिरणाऱ्या तुकड्यात बहुतेकदा पहिला भाग तेवढा असतो.

यापुढची पायरी वेळखाऊ आहे, पण ती गाळू नका. गेम दुसऱ्यांदा खेळलेल्या माणसाचं मत शोधा. युना समनर आहे, म्हणजे अद्भुत शक्तींना बोलावून लढणारी. सिनला हरवणारी समनर त्यात स्वतः मरते, हे युनाला माहीत असतं, सोबतच्या सगळ्यांना माहीत असतं. टीडसला ते फार उशिरा कळतं. दुसऱ्या खेपेला त्याच हसण्याकडं बघा. हसायचा सराव शिकवणारी मुलगी स्वतःच्या मरणाकडं चाललीय. तो ‘सिनला हरवल्यावर आपण हे करू, ते करू’ म्हणतो आणि बाकीचे गप्प बसतात, ती शांतताही तेव्हाच ऐकू येते. गेम आल्या आल्या परीक्षण लिहिणाऱ्याला वेळेत लेख द्यायचा असतो, एकदा पूर्ण केला तरी खूप. चाहता वर्षानुवर्षं परत येतो. २०१३च्या एचडी आवृत्तीनंतर तर बरेच जण मोठे होऊन परतले. म्हणून प्रत्येक मतापुढं साल लिहा, आणि ते किती खेळून झालंय तेही लिहा.

आपण कुठून बोलतोय, तेही लेखात येऊ द्या. टीडस हा खेळाडू आहे आणि नावाजलेल्या खेळाडूचा मुलगा आहे. कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ हा फुटबॉलचा सामना बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जुन्या खेळाडूचा पोरगा मैदानात उतरला, की चेंडू पायाला लागायच्या आधीच ‘अमक्याचा पोरगा हाय’ सुरू होतं. चांगला खेळला तर बापावर गेलाय, चुकला तर बापाचं नाव घालवलं. टीडसची चिडचिड या ओझ्यातून येते. बाप त्याला रडका म्हणून चिडवायचा, आणि कितीतरी समीक्षक आणि चाहते नेमका तोच शब्द वापरतात. पेठेतल्या कुणाला तरी हा भाग दाखवा आणि त्याचं म्हणणं टिपून घ्या. ते परक्या समीक्षकाच्या वाक्याइतकंच मोलाचं आहे.

लिहायला बसल्यावर ‘चाहत्यांना टीडस आवडत नाही’ असलं सरसकट वाक्य टाकू नका. कोण म्हणालं, कुठल्या भाषेत खेळून म्हणालं, पहिल्या खेपेला की नंतर, हे धरून लिहा. आणि नायक आवडतो म्हणून सगळी टीका खोडत बसू नका. टीडस मागं वळून गोष्ट सांगतो, ते कधीकधी जादा होतं. चेहऱ्यावर दिसलेलंच तो पुन्हा शब्दांत सांगतो, आणि प्रसंग पातळ होतो. ही तक्रार मला पूर्ण पटते. ती लेखात घ्या, आणि सोबत निदान एक प्रसंग द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तो स्वतः खेळून तपासता येईल.