लेसर कटर नीट कापत नाही? पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

कालपर्यंत ३ मिमी अ‍ॅक्रिलिक एका फेरीत कापणारं मशीन आज खालचा थर सोडू लागलं, की हात आधी पॉवरकडे जातो. लेसरचा झोत तयार करणाऱ्या काचेच्या कार्बन डायऑक्साइड नळीच्या बाबतीत ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नेमून दिलेल्या मर्यादेपुढे करंट रेटला, तर झोत फारसा वाढत नाही, नळीचं आयुष्य मात्र झपाट्याने घटतं. आणि दोष बहुतेक वेळा नळीत नसतोच.

सुरुवात फोकसपासून करा. या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. ६ मिमी रुंदीचा झोत ५०.८ मिमी नाभीय अंतराच्या लेन्समधून गेला, की ठिपका फार तर ०.११ मिमीपर्यंत बारीक होतो, आणि तो बारीकपणा वर-खाली जेमतेम १ मिमी टिकतो. उंची २ मिमी चुकली तर ठिपक्याचं क्षेत्रफळ सुमारे पाचपट होतं, म्हणजे तीच पॉवर पाचपट पातळ पसरते. पट्टीने मोजण्यापेक्षा एक टाकाऊ तुकडा एका टोकाला उचलून तिरका ठेवा आणि त्यावर कमी पॉवरने सरळ रेघ मारा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची खरी. जाड माल कापताना फोकस जाडीच्या मध्यावर घ्या.

लेन्स पुसून परत बसवताना उलटी बसते, हेही नेहमीचं. फुगीर बाजू वर, येणाऱ्या झोताकडे. सपाट बाजू मालाकडे. उलट्या लेन्सनेही कापलं जातं, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही, पण ठिपका जाड होतो आणि कडा करपतात.

टेबलाच्या एका कोपऱ्यात छान कापतं आणि समोरच्या कोपऱ्यात नाही? मग झोत नळीपासून लेन्सपर्यंत नेणाऱ्या तीन आरशांची जुळणी गेली आहे. दुसऱ्या आरशासमोर कागदी चिकटपट्टी लावा, झाकण बंद करून अगदी छोटा पल्स द्या. एकदा हा आरसा पहिल्या आरशाजवळ असताना, एकदा सर्वांत लांब नेऊन. दोन डाग एकावर एक पडेपर्यंत पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवा. डाग मधोमध आणायची घाई इथेच नडते. आधी ते एकत्र आले पाहिजेत. मग हेच तिसऱ्या आरशासाठी, स्क्रू मात्र दुसऱ्याचे.

सकाळी कापतं, दुपारी नाही, असं असेल तर नळी थंड ठेवणारं पाणी बघा. नळीत नायट्रोजनचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देऊन त्याला वरच्या ऊर्जा-पातळीत नेतात. लेसर चालायला वरच्या पातळीत खालच्यापेक्षा जास्त रेणू हवेत. वायू तापला की उष्णतेनेच खालची पातळी भरू लागते आणि पॉवर गळते. (१९६४ मध्ये कुमार पटेल यांनी बेल लॅब्जमध्ये हा लेसर चालवून दाखवला. पुढे मिश्रणात हेलियम आला, त्याचं मोठं काम खालची पातळी रिकामी करणं आणि उष्णता बाहेर नेणं हेच.) पाणी १५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. ते डिस्टिल्डच हवं, कारण नळाच्या पाण्यातून वीज वाहते आणि हजारो व्होल्टचा दाब त्यातून वाट काढतो. चालू करण्यापूर्वी नळी हलवून आतला बुडबुडा काढा. तो राहिला तर तेवढ्याच जागी काच तापून तडकते.

पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीही कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं आणि मशीनचे रूळ दोन्ही खातो. प्लास्टिक ओळखू येत नसेल तर तांब्याची तार लाल करून त्यावर टेकवा, मग पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे असं समजा.

चष्म्याचं शेवटी लिहितो आहोत, पण मशीनला हात लावण्याआधी बघायची गोष्ट हीच. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या डायोडसाठीचा नारिंगी चष्मा दुसऱ्या लेसरला चालेल असं गृहीत धरू नका. काचेवर किंवा काडीवर छापलेल्या व्याप्तीत १०६०० (नॅनोमीटर, म्हणजेच १०.६ मायक्रोमीटर) हा आकडा येतो का ते वाचा, शेजारचा ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे चष्मा झोत किती अडवतो त्याचं माप) बघा: ओडी ६ म्हणजे झोताचा फक्त दहा लाखांवा भाग पार जातो. मशीनमधला लाल ठिपका निव्वळ निशाण्यासाठी असतो. कापणारा झोत डोळ्यांना दिसतच नाही.