घाटात दम टाकणारी जुनी डिझेल पिकअप: पंप उतरवायच्या आधी हे बघून घ्या

सपाटीला गाडी मस्त पळते, घाट लागला की अर्ध्यात बसते, एक्सलेटर पार पत्र्याला टेकवला तरी ढिम्म, मग बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की काही झालंच नाही अशी निघते. आणि गॅरेजला नेली की तिथं एकदम शहाण्यासारखी चालते. माझी गाडी 2006 ची, टर्बोवाली पण मेकॅनिकल पंपाची (म्हणजे नोझलना प्रेशरने डिझेल देणारा पंप यांत्रिक, कॉम्प्युटरवाला नाही), आंब्याच्या सीझनला रत्नागिरीहून कोल्हापूरला पेट्या नेतो, साखरपा सोडलं की आंबा घाट लागतो तिथं हिने मला दोन सीझन रडवलं. एका गॅरेजवाल्याने धड ऐकून न घेताच "पंप गेलाय" म्हणून निकाल दिला, पंप-नोझल सगळं करून झालं, पैसे गेले, आणि पुढच्याच खेपेला जवळपास त्याच वळणावर परत बसली. म्हणून सांगतो, पंप सगळ्यात शेवटी. पंपापर्यंत डिझेल पोचतंय का ते आधी बघा.

पाना हातात घ्यायच्या आधी धूर बघा. मागून कुणाला तरी बाईकवर यायला सांगा, गाडी बसते त्या वेळचा मोबाईलवर व्हिडिओ काढू दे (मागे बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही). भसाभस काळा धूर येत असेल तर डिझेल मिळतंय, हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर, आणि टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) ते इंजिन असे जे मोठे होज आहेत ते हाताने पिळून बघा, खालच्या अंगाला चीर असते, वरून दिसतच नाही, आणि चीर असेल तिथं तेलकट काळं झालेलं असतं. पांढुरका धूर आणि इंजिन थरथरतंय तर बहुतेक डिझेलमध्ये एअर घेतेय. आणि पॉवर गेली पण धूरच नाही, तर इंजिन उपाशी आहे, डिझेलच कमी येतंय. माझ्या गाडीला धूर नव्हता, आणि हे मला पंप करायच्या आधी कुणी विचारलं नाही.

उपाशी आहे असं वाटलं तर पहिलं फुकटचं काम, गाडी बसली की लगेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली तर झाकणाचा किंवा टाकीचा ब्रीदर (हवा आत यायचं भोक) चोक आहे, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल येईनासं होतं. झाकण साफ करा नाहीतर नवीन घ्या, संपलं.

तसं नसेल तर कॅन लावा, माझ्या मते सगळ्यात खरी टेस्ट हीच. स्वच्छ 5 लिटरचा कॅन, त्यात चांगलं डिझेल, हौद्यात पुढच्या बाजूला घट्ट बांधायचा, केबिनमध्ये अजिबात नाही. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) टाकीकडून येणारी लाइन काढून तिथं डिझेलचा होज जोडून कॅनच्या तळापर्यंत सोडायचा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांबून न्यायचा. रिटर्नची लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) पण कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन कधी रिकामा झाला कळत नाही आणि भर घाटात उभे राहाल. हँड पंप (लाइनमधली हवा काढायला हाताने दाबायचा छोटा पंप) मारून एअर काढा आणि जिथं गाडी बसते तोच चढ तेवढाच माल घालून चढा. चढली तर पंप निर्दोष, भानगड टाकी किंवा लाइनमध्ये. माझी तिसऱ्या गिअरला गाणी लावून चढली.

मग टाकी उतरवली. आत काय, कसल्यातरी बाटलीच्या तोंडावरचं चंदेरी सील, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. चढाला लोड आला की इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, सील जाऊन टाकीतल्या ओढीच्या पाइपच्या जाळीला चिकटतं. गाडी बंद केली की ओढ थांबते, सील खाली पडतं, दहा मिनिटांनी सगळं ओके. कापडाची चिंधी, गंजाचे पापुद्रे, मातीचा गाळ, यांचं पण असंच होतं. बरेच जण काय करतात, लाइन काढून कॉम्प्रेसरने उलटी हवा मारतात, कचरा बाजूला होतो, आठवडाभर गाडी चालते आणि वाटतं काम झालं. टाकी उतरवून धुतल्याशिवाय ते जात नाही. शिवाय काही फीड पंपाच्या इनलेटला बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते, ती आहे हेच कित्येकांना माहीत नसतं, ती पण काढून धुवा. डिझेल फिल्टर तर बदलाच, आणि जुना फेकायच्या आधी सकाळी सकाळी त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

एअर घेत असेल तर अजून त्रास, कारण टाकी ते फीड पंप ही लाइन ओढीवर चालते, लीक असलं तरी बाहेर थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे लाइन कोरडी दिसली म्हणून चांगली समजू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप हातभर घ्या, फिल्टरच्या आधी जोडा, इंजिन चालू ठेवून रेस द्या, बुडबुडे दिसले की सापडलं. टेस्टपुरतीच हां, ती पाइप डिझेलने कडक होते. मग मागून पुढे येत जा, चेसिसला घासलेला रबर होज, ढिल्या क्लिपा, बॅन्जो बोल्टचे (लाइन जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर (जुने परत लावू नका), हँड पंपाचं रबर. टेफलॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे थेट पंपात जातात. सकाळी स्टार्टला खूप वेळ लागत असेल तर ती पण बहुतेक एअरचीच खूण.

खड्ड्यात आदळली आणि चावी काढल्यासारखं इंजिन बंद पडून परत लागलं तर ते बहुतेक डिझेलचं नाही, वायरिंगचं आहे. पंपावर कटऑफ सोलेनॉइड (करंट गेला की डिझेल बंद करणारा) असेल तर त्याच्या वायरवरून एक छोटा बल्ब केबिनपर्यंत आणून ठेवा. गाडी झटका मारते तेव्हा बल्ब पण विझला तर वायर, फ्यूज किंवा इग्निशन स्विच बघा.

बाकी बारीकसारीक: इंजिन बंद ठेवून एकाने एक्सलेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का बघायचं, एका ओळखीच्याच्या गाडीत पॅडलखाली मॅटची घडी अडकलेली निघाली, तो महिनाभर सगळ्यांना शिव्या घालत होता. आरपीएम चढतो पण स्पीड नाही तर क्लच. एखाद्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापतोय तर ब्रेकचं लायनर धरतंय.

कॉमनरेल गाडी (कॉम्प्युटरवाली नवी डिझेल) असेल तर चेक लाइट आणि स्कॅनरपासून सुरुवात करा, आणि पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाइपा चालू इंजिनवर ढिल्या करू नका, त्यात प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं. मेकॅनिकल पंपाच्या नोझलच्या फवाऱ्यासमोर पण बोट नेऊ नका. डिझेल कातडीत घुसतं, वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखत नाही म्हणून घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

कॅनवर पण गाडी तशीच बसली आणि एअर फिल्टर, होज सगळं ठीक असेल तर मग पंप उतरवा. पंपवाल्याला एकच सांगायचं, खोलायच्या आधी टेस्ट बेंचवर (पंप तपासायचं मशीन) लावून रीडिंग दाखव, खोलल्यावर नाही.