मे महिन्यातला तरवा: बाटलीच्या आधी पाणी, पाण्याच्या आधी बी

मृगाला अजून तीन आठवडे आहेत आणि सड्यावरची तांबडी माती दुपारी पाय ठेवू देत नाही. नेमकी हीच वेळ गोव्यात खोल्याकडे, हरमलकडे मिरचीचा तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, टाकायची आणि परसात भेंडे, दोडकी, तवशी (काकड्या) लावायची. थांबताही येत नाही. तवसं पेरल्यापासून हाताशी यायला ४५ ते ५० दिवस लागतात. तळावलीच्या सांताना फेस्ताला, म्हणजे आपल्या तवशांच्या फेस्ताला, जुलैअखेरीस माल न्यायचा तर मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात बी मातीत गेलेलं असायला हवं. पुढे चवथ आहेच.

आणि मग दरवर्षीचं रडगाणं: बी फसलं. दहा ओळी टाकल्या, तीनच उगवल्या. अलीकडे यावर दुकानात उत्तर तयार असतं, एक बाटली. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्लं, किंवा या सगळ्यांचं मिश्रण. यांना जैवउत्तेजक म्हणतात. हे खत नव्हे आणि कीडनाशकही नव्हे; रोपाची स्वतःची यंत्रणा जरा जोमाने चालवायला मदत करणारा पदार्थ एवढंच. त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मते त्याचा नंबर तिसरा. पहिला नंबर चांगल्या बियाचा, दुसरा साध्या पाण्यात योग्य वेळ भिजवण्याचा.

तापलेल्या मातीत बियाचं काय होतं ते आधी पाहू. कोरडं बी पाणी ओढायला लागतं तेव्हा पहिले काही तास त्याच्या पेशींचे पापुद्रे गळके असतात. तेव्हाच माती कढत असली तर आतली साखर बाहेर झिरपते, आणि त्या साखरेवर मातीतली बुरशी जमते. शिवाय उष्णतेत बियाची झोप टिकवणारं अॅब्सिसिक आम्ल कमी होत नाही आणि झोप मोडणारं जिबरेलिन पुरेसं तयार होत नाही. बी मेलेलं नसतं, अडून बसलेलं असतं. असं चार-सहा दिवस ओल्या, गरम मातीत अडून बसलं की कुजतं. म्हणून उन्हाळ्यात उगवण किती टक्के झाली याइतकंच ती किती लवकर झाली हेही महत्त्वाचं.

सगळ्या बियांना हा त्रास सारखा नाही. भेंडी, तवसं, दोडकं, कारलं ही उष्ण मातीतली पिकं. ३५ अंशांपर्यंत खुशाल उगवतात, ४०च्या पुढे अडतात. मिरची, वांगं, टोमॅटो यांना २५ ते ३० अंश मानवतात आणि माती ३५च्या वर गेली की उगवण घसरते. पणजीचं हवेचं तापमान मे महिन्यात ३३-३४च्या आसपास दिसतं, म्हणून फसू नका. उघड्या वाफ्याचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर दुपारी त्याहून खूप जास्त तापतो, आणि बी असतं ते नेमकं त्याच थरात. साधा थर्मामीटर दुपारी दोनला तिथे खुपसून बघा, मग बाटली घ्यायची की सावली करायची ते आपोआप कळेल.

म्हणजे बीजप्रक्रियेचा, पेरण्याआधी बी भिजवण्या-चोळण्याचा, खरा फायदा मिरची-वांग्याला. मिरचीचं बी सावकाश उगवतं, आठ-दहा दिवस घेतं, तेवढे दिवस ते उन्हाच्या तावडीत असतं. त्यातले दोन दिवस जरी वाचले तरी तरव्यातली मर कमी होते. तांबड्या भाजीला (लाल माठाला) यातलं काहीच नको: बारीक बी, वाळूत मिसळून फेकायचं, दोन-चार दिवसांत वर. अळसांद्याचं (चवळीचं) बी तर रात्रभर भिजवूच नका. भरभर पाणी पिऊन त्याच्या डाळिंब्या तडकतात. त्याला गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) चोळायचं, १० किलो बियाला २५० ग्रॅमचं एक पाकीट, आणि सावलीत सुकवून पेरायचं.

आता मिरचीची कृती. घरचं बी असेल तर आधी पाण्यात टाकून हलवा, तरंगणारं काढून टाका. ५० ग्रॅम बियाला पाव लीटर द्रावण पुरतं. शेवाळाच्या द्रव अर्काची मात्रा सहसा लीटरला दोन-तीन मिली असते. बाटलीवर बीजप्रक्रियेसाठी वेगळी लिहिली असेल तर तीच धरायची. लीटरला तीन मिली या हिशेबाने पाव लीटरला पाऊण मिली अर्क झाला. हा झाकणाने मोजता येत नाही. सुई काढलेली सिरिंज घ्या. (आणि पाऊण मिलीसाठी लीटरची बाटली कशाला? वाड्यावरच्या चार घरांनी मिळून सगळ्यात लहान बाटली घ्यावी.)

पाणी गोडं हवं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतजमिनीच्या, कडेच्या विहिरींना मेमध्ये खारट चव येते, ते पाणी भिजवायला वापरू नका. संध्याकाळी सातला बी भिजत घाला, भांडं मातीचं असेल तर उत्तम, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, झोपण्यापूर्वी एकदा ढवळा म्हणजे हवा खेळते. सकाळी सातला उपसा. सुपात सुती फडकं घालून सावलीत पसरा. बी बोटांना चिकटेनासं झालं की झालं, कडकडीत सुकवायचं नाही. आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पेरा. वांग्याला हेच वेळापत्रक चालतं. भेंडीला आठ ते बारा तास. कारल्याचं कवच जाड, त्याचं टोक नखं कापायच्या कात्रीने किंचित उडवून मग रात्रभर भिजवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तोंड उघडेपर्यंत ठेवा.

जास्त घातलं म्हणजे जास्त उगवतं, असं या पदार्थांचं नाही. ह्युमिक आम्लाचं तर ठळकपणे उलटं आहे: थोडं असलं तर मूळ पळतं, जास्त झालं तर आखडतं. मी स्वतः एका वर्षी वांग्याच्या बियाला दुप्पट अर्क घातला, वर दुसऱ्या दिवशी एक बारशाचं जेवण उरकून आलो तोवर दुपार झाली होती. बी बुळबुळीत, भांड्याला वास. शेजारणीने कोरडंच टाकलेलं बी माझ्यापेक्षा बरं उगवलं, आणि हे तिने मला अजून विसरू दिलेलं नाही.

पाकिटातल्या संकरित बियाची गोष्ट वेगळी. गुलाबी, निळा, हिरवा रंग चढवलेलं बी म्हणजे त्यावर बुरशीनाशक आधीच आहे. ते भिजवलं की औषध धुऊन जातं, आणि ते पाणी गुरांच्या तोंडाशी गेलं तर वेगळंच संकट. असं बी कोरडंच पेरा. अर्क द्यायचाच असेल तर रोप दोन पानांवर आल्यावर द्या. म्हणजे बी भिजवणं, चोळणं ही सगळी खटपट मुख्यतः घरच्या बियासाठी आहे: खोल्याची मिरची, आगशीचं वांगं, सात शिरांचा भेंडा. या बियांना कोणी कंपनी रंग लावून देत नाही, तेव्हा ते काम आपलंच.

ट्रायकोडर्मा, अझोस्पिरिलम, स्यूडोमोनास ही उपयोगी बुरशी आणि जिवाणू, म्हणजे बियांची जिवंत सोबत आहे, तिला अर्काच्या बादलीत कालवू नये. भिजवून, निथळून झालं की शेवटी लावायची. ट्रायकोडर्माची भुकटी किलोला पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या ५० ग्रॅम मिरचीला पाव ग्रॅम, चिमूटभर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते वापरायचं तर रात्रभर उघडं ठेवून. पाकिटावरची मुदत वाचा आणि ते दुकानाच्या तापलेल्या काचेत ठेवलेलं असेल तर घेऊ नका, आतले जीव केव्हाच गेलेले असतात. ज्यांच्याकडे गाय आहे त्यांनी बीजामृत करावं: २० लीटर पाणी, पाच किलो शेण, पाच लीटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना, मूठभर बांधाची माती, रात्रभर मुरवून. परसासाठी याचा विसावा हिस्साही खूप होतो. बी त्यात बुडवून ठेवायचं नाही, नुसतं माखायचं.

बाटली विकत घेताना एक पाहा. केंद्राने २०२१मध्ये जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, आणि तात्पुरत्या नोंदणीवर विकण्याची मुभा १६ जून २०२५ला संपली. आता सहाव्या परिशिष्टात नोंद झालेलंच उत्पादन विकता येतं, आणि तिथे पीक व मात्रा दिलेली असते. लेबलवर घटक, प्रमाण, पीक, उत्पादनाची तारीख नसेल तर बाटली परत ठेवा. सुट्टा अर्क प्लास्टिकच्या कॅनमधून कोणी ओतून देत असेल तर त्याचं बोलणं कितीही गोड असो, घेऊ नका. पावती मागा. शंका असली तर झोनल कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात लेबलचा फोटो दाखवा.

आणि तरव्याच्या आधी घरीच परीक्षा घ्या. पन्नास बिया अर्कात, पन्नास साध्या पाण्यात, पन्नास कोरड्या. तीन ओली फडकी, तिन्ही पडवीत उकाड्यात ठेवायची, फ्रीजजवळच्या गार जागेत नाही. रोज मोड मोजा. अर्काच्या आणि पाण्याच्या फडक्यात फरक दिसला नाही, तर यंदाचे पैसे वाचले. तिन्हींत निम्म्याहून कमी मोड आले, तर दोष बियाचा आहे. जुनं, दमट हवेत पडलेलं बी कुठलाही अर्क उठवू शकत नाही. चुलीवर टांगून, राखेत घालून बी ठेवायची आपल्याकडची पद्धत वेडगळ नव्हती: बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

सर्वांत मोठा धोका मात्र वळवाच्या पावसाचा. एक सर येते, मातीचा वास सुटतो, आणि आपण भिजवलेलं बी पेरून मोकळे होतो. मग दहा दिवस थेंब नाही. कोरडं बी अशा वेळी वाट बघत पडून राहू शकतं. भिजवून जागं केलेलं बी पुन्हा झोपत नाही, सुकतं. म्हणून रोज दोनदा झारीने पाणी घालायची सोय असेल तरच भिजवा, नाहीतर रोहिणीचा अंदाज घेत कोरडं पेरा.

वाफा गादीचा, बोटभर उंच नव्हे, वीतभर, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात पाणी साचणार नाही. पेरायच्या आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. वर भाताचं गवत पातळ पसरा आणि कमरेएवढ्या उंचीवर चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) मांडव घाला. पन्नास टक्क्यांची शेडनेट असली तरी चालेल. काळ्या ट्रेमध्ये रोपं करणाऱ्यांनी कोकोपीट दोनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं, त्यात मीठ असतं. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकायची थंडीतली सवय मेमध्ये बी शिजवते. ओलं गोणपाट टाका.

पाणी सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. पाचव्या दिवसापासून रोज गवत उचलून खाली बघा. निम्म्या कोंबांनी मान वर काढली की त्याच संध्याकाळी गवत काढून टाका. एक दिवस उशीर झाला तर रोपं लांबुडकी, पिवळी होतात आणि पहिल्या सरीत आडवी पडतात. चुडतांचा मांडव मात्र चार पानं येईपर्यंत राहू द्या.