निसटता दस्ता: पकड बसवण्याआधीची तयारी

रायफलचा प्लास्टिकचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो आणि हातात धरतो तो भाग, निसटत असेल तर त्यावर पकडीची टेप चिकटवता येते. पहिलं काम रायफल रिकामी करण्याचं. मॅगझीन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

दस्ता खोलायची घाई करू नका. आधी हात नेमका कुठे बसतो ते कळलं पाहिजे. दस्त्यावर मास्किंग टेप लावा, रिकामी रायफल सुरक्षित दिशेला रोखून नेहमीच्या पवित्र्यात धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी बोटांभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. हिवाळ्यात हातमोजे घालून नेम धरत असाल तर आत्ताही ते घालाच. पकड हवी ती मनगटाजवळच्या मुठीत आणि पुढच्या हाताखाली. गाल टेकतो तो भाग गुळगुळीतच ठेवा, नाहीतर दोन तासांत कातडी सोलते. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नेम धरत असाल तर पुढच्या भागाचा तळही मोकळा सोडा. धक्क्याने रायफल मागे सरकताना तो तळ पिशवीवरून सहज घसरला पाहिजे.

आता स्क्रू काढून नळी आणि यंत्रणा वेगळी करा. पुढचा स्क्रू कोणता, मागचा कोणता, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. लांबी वेगळी असू शकते.

धुणं हा मला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. साच्यातून सुटा व्हावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा थर, बंदुकीचं तेल आणि घाम, हे सगळं दस्त्यावर साचलेलं असतं, आणि त्यावर कोणतीच टेप टिकत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. थिनर आणि अ‍ॅसिटोन लांब ठेवा, काही प्लास्टिकं त्यांनी मऊ पडतात.

पायऱ्यांवर लावतात ती खरखरीत टेप घट्ट धरते, पण उघड्या तळव्याला बोचते. मुठीसाठी मी रबरी पृष्ठभागाची टेपच निवडेन. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला तर गोंदही लागत नाही आणि नको वाटला तर लगेच निघतो. फक्त तो लोखंडावर येऊ देऊ नका, रबराखाली ओल धरून गंज चढतो. पकडीसाठी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने दस्त्यावरच खरखरीत ठिपके पाडायचा मोह पहिल्या खेपेला टाळाच. पोकळ दस्त्याची भिंत पातळ असते, धूर घातक असतो आणि पाडलेला ठिपका परत बुजत नाही.

पेन्सिलीच्या रेघांवरून कागदी साचा कापा, त्यावरून टेप कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी सुटतो. सेफ्टी, स्क्रूची भोकं आणि अनुक्रमांक झाकू नका. हेअर ड्रायरने किंचित गरम करून मधून कडेकडे दाबत जा आणि 24 तास हात लावू नका.

जोडताना स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीनेच आवळा. नळी दस्त्याला न टेकणारी असेल तर मधून कागदाची पट्टी सरकवून बघा, अडकता कामा नये. दस्ता एकदा खोलला की नेम हलू शकतो, म्हणून रेंजवर पहिल्या गोळ्या नेम जुळवण्यासाठीच राखून ठेवा.