नवजात बाळ आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: घरात आणि हॉस्पिटलात होणाऱ्या या चुका टाळा

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे, त्यामुळे जे रोज दिसतं तेच लिहितेय. एक मुलगा डिस्चार्ज घेऊन घरी गेला तेव्हा मस्त दूध ओढत होता आणि दोनच दिवसांनी परत आला तो तळपायापर्यंत पिवळा, दूध घेईना, नुसता झोपून. लघवी कशी होते विचारलं तर आई म्हणाली, सिस्टर, लंगोटावर चहा सांडल्यासारखा डाग पडतो. मग आजींना विचारलं, झबली-टोपडी कुठली घातली? मोठ्या नातवाची, ट्रंकेत डांबर गोळ्या टाकून जपून ठेवलेली.

त्या बाळाला जी-सिक्स-पीडी कमी होतं. हे एन्झाइम रक्तातल्या लाल पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवतं, म्हणजे कापलेलं वांगं हवेत काळं पडतं तसली जी झीज शरीरात चालू असते तिला आवरतं. ही झीज हाताबाहेर गेली की तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. ते कमी असलं आणि डांबर गोळीचा वास अंगातून, श्वासातून आत गेला की लाल पेशी भराभर फुटतात, कावीळ चढते आणि फार चढली तर मेंदूला इजा होते. मुलांमध्ये हा दोष मुलींपेक्षा जास्त सापडतो आणि बाळाकडे बघून तो कळत नाही, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत डांबर गोळी नकोच, गोळ्यांतले कपडे एकदा धुऊनही घालू नका. कपड्यांसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला बास आहे. तरी घातलेच गेले असतील तर कपडे काढा, बाळाला पुसून घ्या, पण कावीळ, गडद लघवी किंवा सुस्ती दिसली तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि गोळ्यांचं आवर्जून सांगा. आणखी एक, पेशी फुटत असताना केलेली जी-सिक्स-पीडीची टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा करा म्हटलं तर टाळू नका.

आता बाळालाच या ऑक्सिडेशनचा एवढा त्रास का? पोटात असताना त्याच्या रक्तात ऑक्सिजन आपल्यापेक्षा खूप कमी असतो, पहिला श्वास घेतला की काही मिनिटांत तो दुप्पट-तिप्पट होतो आणि ते झेपायची तयारी शरीर शेवटच्या काही आठवड्यांत करतं. म्हणून मुहूर्ताचं सिझर बघितलं की माझा जीव तुटतो. आई-बाळ दोघं ठणठणीत असताना 37 व्या आठवड्यातली तारीख मागायची कारण नक्षत्र चांगलं आहे, आणि मग धाप लागली म्हणून तेच बाळ आमच्याकडे ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी कारण सांगून लवकर करायला सांगितलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर 39 आठवडे भरू द्या.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सिस्टर, ऑक्सिजन थोडा वाढवा ना". काळजी कळते हो, पण कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन औषधासारखा मोजून द्यावा लागतो. 1940-50 च्या दशकात अमेरिकेत भरपूर ऑक्सिजन दिलेली हजारो बाळं आंधळी झाली, कारण डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडल्या, त्यालाच आरओपी म्हणतात, आणि मग घाबरून ऑक्सिजन फार कमी केला तर बाळं दगावली. म्हणून मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा 90 ते 95 टक्के हाच पट्टा धरतात, ऑक्सिजनवरच्या प्रीमॅच्युअर बाळाचे 100 दिसले की आम्ही खूश होत नाही, ऑक्सिजन कमी करतो. नातेवाइकांनी नॉब फिरवलेला मी पाहिलाय, कृपा करून नको. आणि बाळ 34 आठवड्यांच्या आधीचं किंवा 2 किलोच्या आतलं असेल तर 30 दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, फारच लवकर जन्मलेल्यांची दोन-तीन आठवड्यांतच. डोळे वरून छान दिसतात म्हणून लोक ती तारीख चुकवतात आणि वेळेत लेझर मिळाला असता तर वाचली असती ती नजर जाते.

घरी गेल्यावर शेक-शेगडी, ओव्याची धुरी, ऊद. खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की त्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि धुराचे कण त्या कोवळ्या फुप्फुसांत जातात. ऊब हवीच, तर बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरा, वर गोधडी. गरोदरपणात मिश्री लावणाऱ्या बायकांना मी हात जोडून सांगते, तो तंबाखूच आहे, मुंबईतल्या 2004 सालच्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांची बाळं वजनाने कमी भरली होती.

मग ही झीज रोखणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या? दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका. ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट ई देऊन पाहिलं, 2006 मध्ये निकाल आला, बीपीचा त्रास टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं जास्त निघाली. डॉक्टरांनी लिहिलेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या मात्र चालू ठेवा.

आणि चीक पिळून टाकू नका. तो पिवळा दिसतो तो बीटा-कॅरोटीनमुळे, या झिजेपासून वाचवणारं व्हिटॅमिन ए आणि ई त्यात नंतरच्या दुधापेक्षा जास्त असतं. बाळ आत एनआयसीयूत असेल तर स्वच्छ वाटीत काढून आणा, चमचाभर निघालं तरी आम्ही सिरिंजने थेंब थेंब देतो, रात्री दोन वाजता आणलंत तरी चालेल.