उपकारस्तुतीच्या गीताचे चित्रपुस्तक कसे तयार करावे

'फॉर द ब्यूटी ऑफ दि अर्थ' हे देवाचे आभार मानणारे इंग्रजी ख्रिस्ती गीत फॉलियट पियरपॉइंट यांचे असून ते १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील बाथ या त्यांच्या गावाजवळच्या टेकडीवरून एव्हन नदीचे खोरे पाहताना ते सुचले, असे सांगतात. पियरपॉइंट १९१७ मध्ये वारले, त्यामुळे मूळ शब्द आज कोणालाही वापरता येतात. अनुवाद दुसऱ्याचा असेल, तर मात्र परवानगी घ्यावी.

चित्रे काढण्याआधी गीत मोठ्याने गाऊन पाहावे. हे गीत ज्या चालीवर गातात, त्या जर्मन संगीतकार कोनराड कोखर यांच्या चालीत सहा ओळींच्या कडव्यातील पहिल्या दोन ओळींचे स्वर पुढच्या दोन ओळींना पुन्हा येतात आणि शेवटच्या दोन ओळींसाठी, म्हणजे ध्रुपदासाठी, चाल बदलते. म्हणून दर दोन ओळींना समोरासमोरची दोन पाने द्यावीत. पान उलटते तेथेच मुलाला श्वास घेता येतो. मुलांसाठी चार कडवी पुरेत. त्यांना २४ पाने लागतात आणि ३२ पानांच्या पुस्तकात शीर्षक, स्वरलेखन व गीताची हकिकत यांसाठी ८ पाने उरतात.

ध्रुपदाचे चित्र चारही वेळा त्याच टेकडीचे ठेवावे. पहिल्यांदा तेथे एकच मूल उभे असावे, पुढे भावंडे, आईवडील आणि शेजारी येत जावेत. न वाचता येणारे मूलही टेकडी दिसताच ध्रुपद म्हणू लागते, आणि माझ्या मते या पुस्तकाचे खरे काम तेच आहे. पियरपॉइंट यांच्या मूळ ध्रुपदात 'स्तुतीचा यज्ञ' असे शब्द होते, नंतरच्या अनेक संग्रहांत तेथे कृतज्ञ स्तुतिगीताचा उल्लेख आला. लहानांसाठी हा नंतरचा पाठ घ्यावा.

डोंगर, फुले, चंद्र, तारे काढणे सोपे आहे. खरी कसोटी लागते ती पृथ्वीवरील मित्रांबरोबर वर गेलेल्या मित्रांसाठीही आभार मानणाऱ्या ओळीपाशी. तेथे ढगांतले देवदूत काढण्याचा मोह टाळावा. सफरचंदाचे जुने झाड, त्याला टेकवून ठेवलेली आजोबांची काठी आणि खालची फळे फ्रॉकच्या ओच्यात गोळा करणारी नात एवढेच दाखवावे. काठी कोणाची, हे चित्रात लिहू नये. त्यासाठी आधीच्या एखाद्या पानावर तीच काठी आजोबांच्या हातात दिसलेली असावी, म्हणजे मूल स्वतःच मागे जाऊन ती शोधून काढील.