मोतीशी बोलतो तसं माणसांशी बोलायचं कसं

परवा आमच्या कुत्र्याने, मोतीने, सोफ्याची उशी फाडली तर मी म्हटलं, अरे बाळा कंटाळा आला का तुला, आणि त्याच रात्री नवऱ्याच्या हातून कप फुटला तर त्याला फाडफाड बोलले. खूप वाईट वाटलं नंतर. तेव्हापासून काय करते ते सांगते.

कोणी चिडलं की आधी कारण शोधा. मोती गुरगुरला की आपण बघतो ना, भूक लागलीय का, कान दुखतोय का, मग सासूबाई असोत नाहीतर विरार फास्ट लोकलमध्ये कोपर मारणारी बाई, तिथेही तेच बघायचं, बहुतेक वेळा ती पहाटे चारला उठलेली असते.

घरी कोणी आलं की मोबाईल ठेवून दारापर्यंत जा. लिफ्ट बंद असताना कुरियरवाला पाच मजले चढून आला तर आधी पाणी, सही नंतर.

मोतीला परळच्या बैलघोडा, म्हणजे प्राण्यांच्या, हॉस्पिटलात नेताना पाणी, बिस्किटं, जुनी चादर घेतेच. तिथून जवळच १९४१ सालापासूनचं कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल, बाहेर फुटपाथवर गावाहून आलेले पेशंट आणि नातेवाईक झोपलेले असतात. आता पिशवी डबल भरते. पण देताना उभ्याने पुढे करू नका, खाली बसा, हळू आवाजात विचारा काय हवंय, पेशंटला काय चालतं. एका काकूंना बिस्किटं नको होती, फोन चार्ज करून हवा होता. म्हणून आता पॉवरबँक पण असते सोबत.